शंभर ग्रॅममागे

एकादशीला दुपारी चारच्या सुमाराला जी भूक लागते, ती एरवी कधीच लागत नाही. सकाळची खिचडी केव्हाच जिरलेली असते आणि हात आपसूक वेफर्सच्या पुड्याकडे जातो. चालतात ना उपवासाला! परवा मात्र खाता खाता पुडा उलटा केला आणि मागचा तक्ता वाचत बसलो. शंभर ग्रॅममागे साडेपाचशेच्या आसपास कॅलरी, त्यात पस्तीसेक ग्रॅम नुसते स्निग्ध पदार्थ. तेवढ्याच वजनाचा बटाटा उकडून खाल्ला, तर कॅलरी नव्वदसुद्धा भरत नाहीत.

बटाट्यात पाचातले चार हिस्से पाणी. कढईत ते तडतडत उडून जातं आणि रिकाम्या जागेत तेल शिरतं, पागडीवर आलेल्या भाडेकरूसारखं. मग ते काही केल्या हलत नाही. किलोभर वेफर्सना साडेतीन-चार किलो बटाटे लागतात ते उगाच नाही.

आजी चैत्रात गच्चीवर वेफर्स घालायची. चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून पाण्यात तुरटी फिरवायची, उकळीच्या पाण्यात अंदाजानं मीठ, आणि मग जुन्या धोतरावर एकेक चकती सुटी. कावळे हाकायला आम्हा पोरांना बसवलं जाई. कावळे परवडले! कडा वळलेली, मध्ये चिवट, अर्धवट वाळलेली खारट चकती मला तळलेल्यापेक्षा जास्त आवडायची. संध्याकाळी आजी काही बोलत नसे, धोतरावरच्या मोकळ्या जागांकडे नुसती बघायची.

मिठाबद्दल मात्र वेफर्सवर जरा अन्यायच होतो. ते मीठ वरवर असतं, थेट जिभेला भिडतं, म्हणून जास्त वाटतं. पापड-लोणचं त्याहून कितीतरी जास्त मीठ पोटात घालतं आणि वर सोज्ज्वळ चेहऱ्यानं ताटात डावीकडे बसतं. शिवाय वेफर्समध्ये पोटॅशियम आहे, वजनाला वजन धरलं तर केळ्याच्या तिप्पट! हे मी घरात सांगून पाहिलं. आईनं पुडा उचलून फळीवर ठेवला आणि म्हणाली, “मग रताळं उकडून खा की.”

बरोबर आहे तिचं. पण कुकर कोण लावणार?