पोपटी का नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

डिसेंबर अर्धा उलटला की सुरू होतं. लिफ्टमध्ये, भाजीवालीपाशी, हळदीकुंकवाला. "वहिनी, यंदा पोपटी कधी?" पोपटी म्हणजे मडक्यात पाल्यासकट भाजलेल्या वालाच्या शेंगा. मी "बघू" म्हणते. जानेवारी सरतो, वाल निबर होतात, आणि मग तीच माणसं नव्याने विचारतात, "यंदाही नाही केलीत? का हो?" त्यावरही मी "बघू" म्हटलं तर ते वेड्यासारखं दिसेल, म्हणून आजवर काहीबाही सांगत आले. भांबुर्डा, म्हणजे मडक्यात घालायचा रानपाला, मिळाला नाही. ह्यांना सुट्टी नव्हती. सासूबाईंचे गुडघे. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं होतं, पण ते कारण नव्हतं.

यावर एक ठरलेला टोमणाही असतो. "बाकी थंडीचं सगळं तर करता की!" करतेच. खारघरला थंडी ती काय, पहाटे 16-17 अंश आणि डोंगराकडून जरा गार वारा, पण माझं स्वयंपाकघर नोव्हेंबरपासूनच कूस बदलतं. नवा तांदूळ आला की भाकरीचं पीठ वेगळं, उकड थोडी सैल लागते, नाहीतर भाकरीला कडा फुटतात. वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात सोलून बिरडं. डिंकाचे लाडू, त्यात खारीक आणि तुपात भिजवलेल्या मेथीचं पीठ. डिंक बारीक करून, मंद आचेवर, थोडा थोडा तळायचा. मोठा खडा बाहेरून फुलतो आणि आत कच्चा राहतो, तो दाताला चिकटला की खाणारा वर्षभर सांगत फिरतो. ओल्या हळदीचं लोणचं, नारळाच्या पाण्यात भिजवलेल्या अळिवाचे लाडू. भोगीला पावटा, घेवडा, ओला हरभरा, गाजर, वांगं, बोरं, वर तिळाचं कूट आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. बाजरी आमच्याकडची नव्हे, आम्ही तांदळाची माणसं. ती मी शेजारच्या साताऱ्याच्या वहिनींकडून शिकले आणि आता त्यांच्यापेक्षा बरी थापते, असं त्यांचे मिस्टर म्हणतात. त्या म्हणत नाहीत.

तर हे सगळं करणारी बाई पोपटी तेवढी का टाळते, हा प्रश्न रास्त आहे. पण प्रश्नाच्या शेपटाला जो सल्ला येतो त्याने माझं डोकं फिरतं. "कुकरमध्ये करा ना! व्हिडिओत दाखवलंय."

पोपटी काय असते ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही खाल्ली आहे म्हणून तर विचारता. मग हेही कळायला हवं की त्यात पाण्याचा थेंब पडत नाही. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, खडं मीठ, मध्ये अंडी, बटाटे, रताळी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला घट्ट ठासून मडकं पालथं. भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या. आत वाफ होते ती पाल्यातल्या आणि शेंगेतल्या ओलीची, तेवढीच. मडकं कोरडं तापत जातं, कडेचा पाला करपायला लागतो आणि तो कडवट वास शेंगेत उतरतो. कुकरला तळाशी पाणी लागतंच. शिट्टी होते तेव्हा आत 120 अंशांच्या आसपास वाफ असते. शेंगेचं साल सुटतं, दाण्याचं पिठलं होतं, आणि भांबुर्डा उकडलेल्या पालेभाजीचा वास मारतो. करून बघितलंय, म्हणून सांगते. जाड बुडाच्या कढईत खड्या मिठाचा थर देऊन, वर पाला आणि शेंगा घालून, झाकण लावून त्यातल्या त्यात बरं होतं. ओव्हनमध्ये पाला नुसताच वाळतो. कढईतलं ते आम्ही खातो, पण त्याला घरात कोणी पोपटी म्हणत नाही. "मिठातल्या शेंगा" म्हणतो.

आता जाळाबद्दल. इथून पुढचं बिल्डिंगमधल्या काहींना ठाऊक आहे, आणि ते वेगळं सांगतील.

आमची बिल्डिंग सासरच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभी आहे. इकडच्या माणसाला यापुढे सांगायची गरज नाही, तरी नव्या लोकांसाठी: 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, आणि पुढे मूळ मालकांना साडेबारा टक्के हिस्सा विकसित प्लॉट म्हणून परत मिळाला. सासऱ्यांच्या भातशेतीचा तो उरलेला तुकडा. भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकायचे, वरून पाणी द्यायचं नाही, दवावर पीक येतं, आणि बांधावर भांबुर्डा आपोआप माजतो. म्हणजे पोपटीचं सगळं सामान एका हाकेवर. हे मी पाहिलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा शेत गेलेलं होतं, बिल्डरशी बोलणी चालू होती. आई, म्हणजे सासूबाई, सांगायच्या. मी पेणकडची, आमच्या शेतात भाऊ अजून वाल करतो, म्हणून दर वर्षी शेंगा, पाला आणि पेंढ्याचा भारा गाडीत घालून आणायचे आणि बिल्डिंगच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात आई मडकं लावायच्या. त्यांचंच काम ते. मला हात लावू देत नसत.

त्या वर्षी रविवार होता. ग्रुपवर मी आदल्या दिवशी टाकलं होतं, "उद्या संध्याकाळी मागे पोपटी, सगळ्यांनी या." दोन-चार अंगठे आले, कोणी नाही म्हटलं नाही. पोरं जमली होती. जाळ चांगला धरला होता, पण वारा फिरला आणि धूर भिंतीकडे न जाता पहिल्या मजल्याच्या खिडक्यांत शिरला. पेंढ्याचा धूर जड असतो, तो लवकर वर जात नाही. कोणीतरी खिडकी आपटून बंद केली. पाच-दहा मिनिटांत त्या वेळचे सेक्रेटरी खाली आले. आवाज चढलेला नव्हता, हे मला आजही जास्त लागतं. "परवानगी घेतली होती का?" मी ग्रुपचं सांगितलं. "ग्रुप म्हणजे कमिटी नाही." मी म्हटलं, होतच आलीय, दहा मिनिटं द्या. आईंनी मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून बघितले होते. चुर्र होऊन पाणी तिथल्या तिथे सुकलं तर शेंगा झाल्या. अजून थोडं रेंगाळत होतं. सेक्रेटरींनी वॉचमनला आगीची बादली आणायला सांगितलं. तो आमच्याकडे बघत उभा राहिला. त्यालाही दर वर्षी वाटा जायचा. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने बादली ओतली.

तापलेल्या मडक्यावर गार पाणी. बंदूक उडावी तसा आवाज झाला. पोरं मागे पळाली. मडक्याचे चार तुकडे, वाफेचा लोट, आणि शेंगा राखेच्या चिखलात. आई एवढंच म्हणाल्या, "पाच मिनटां थांबला असतास त काय झाला असता?" सेक्रेटरींनी ते ऐकलं, उत्तर दिलं नाही. मला वाटलं आता आई उठून वर जातील. त्या तिथेच उकिडव्या बसल्या आणि एकेक शेंग वेचायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या आई, चला. त्या वेचत राहिल्या. बागेच्या नळाखाली शेंगा धुतल्या, पदरात घेतल्या. अंडी फुटली होती, कोंबडीचं पान उघडून राख आत गेली होती, ते सगळं टाकलं. वर येऊन शेंगांचे दाणे काढून कांद्यावर परतले आणि ताटात वाढले. ह्यांना ताट सरकवून उठायचं होतं, आईंच्या डोळ्यांकडे बघून बसले. भाजीला धुराचा वास होता. चांगली झाली होती, खोटं कशाला बोलू.

रात्री मी ग्रुपवर लिहिलं. "ज्या जमिनीवर तुमच्या गाड्या उभ्या आहेत तिथे आमचे वाल पिकत होते" अशी सुरुवात करून बरंच काही. खाली एका ओळीत उत्तर आलं, पहिल्या मजल्यावरच्या ताईंचं. त्यांच्या मुलाला दमा, त्या संध्याकाळी त्याला वाफारा द्यावा लागला, आणि त्यांनीच फोन केला होता. "जमीन कोणाचीही असो, श्वास त्याचा आहे," असं काहीसं.

तेव्हाच्या मला हे वाक्य म्हणजे कांगावा वाटला होता. फटाक्यांना चालतं, डिझेल जनरेटरला चालतं, वर्षातल्या एका संध्याकाळच्या पेंढ्याला चालत नाही? हा प्रश्न मी आजही मागे घेत नाही. पण तेव्हाची मी आणि आताची मी समोरासमोर बसलो तर तिला एक विचारेन: त्या बाईने काय करायला हवं होतं? खिडक्या लावल्या होत्या. पोरगं घुसमटत होतं. तिने खाली येऊन मला सांगितलं असतं तर मी जाळ विझवला असता का? तेव्हाची मी ठासून "हो" म्हणेल. मला तेवढी खात्री नाही. आईंनी तर नक्कीच विझवू दिला नसता. आणि तरीही ती बादली बरोबर होती असं माझ्या तोंडून निघणार नाही. पाणी बाजूच्या पेंढ्यावर टाकता आलं असतं. मडकं बाजूला घेता आलं असतं. घाई धुराची नव्हती.

त्यानंतर काय झालं? काहीच नाही. आम्ही त्याच बिल्डिंगमध्ये राहतो, संक्रांतीला तिळगूळ पहिल्या मजल्यावरही जातो. तो मुलगा आता कॉलेजात आहे, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त तोच विचारतो, "काकू, पोपटी कधी?" त्याला कोणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही.

तुम्हाला वाटत असेल आईंचं मन दुखलं म्हणून मी करत नाही. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. दोन वर्षांपूर्वी अलिबागला जाताना वडखळच्या अलीकडे रस्त्याकडेला एकाने पोपटी लावली होती, तिथे थांबलो. आईंनी द्रोणभर खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाल्या, मीठ कमी आहे, पण बरी आहे. मी त्या संध्याकाळचा विषय काढला तर त्यांनी हात झटकला. त्यांच्या डोक्यातून ते केव्हाच गेलंय. मडकं त्यांचं फुटलं आणि राखण करत मी बसले आहे, हे मला दिसतं. दिसून काय करायचं ते कळत नाही.

"मग पेणला जाऊन करा." जातो की. भावाच्या शेतात पोपटी होते, पळस्पे ते वडखळ गाड्यांच्या रांगेत बसून आम्ही जातो आणि खाऊन येतो. ती भावाची पोपटी. मी पाहुणी, आई विहीण. त्यांना तिथे कोणी मडक्याजवळ फिरकूही देत नाही, खुर्चीवर बसवतात.

आता कमिटी बदलली आहे. नवे सेक्रेटरी चांगले आहेत, त्यांनी मागच्या महिन्यात आपणहून सांगितलं, "वहिनी, अर्ज द्या, कमिटीसमोर ठेवू, मोकळ्या जागेत लांब करता येईल, पहिल्या मजल्यावाल्यांना आधी कळवू." सगळं रीतसर, सगळं मान्य करण्यासारखं. हे म्हणाले, दे की लिहून. मी कागद घेतलासुद्धा. विषय: कंपाउंडमध्ये मडके भाजण्याबाबत. पुढे हात चालेना. विचारल्याशिवाय जाळ करणं आता मला पटत नाही, त्या पोराचा वाफारा आठवतो. आणि विचारून करायचं म्हटलं की आतून कोणीतरी उसळतं, या जागेवर आम्हीच अर्ज करायचा? दोघीही माझ्याच, आणि कोणीच ऐकत नाही. हे हसतात. म्हणतात, तुझी कमिटी तुझ्याच डोक्यात आहे.

तर हे असं आहे. पुढच्या वेळी लिफ्टमध्ये मी "बघू" म्हटलं की एवढं सगळं त्यात आहे असं समजा, आणि कुकरचं नाव काढू नका.

तुमच्यापैकी कोणाचं गावात अंगण असेल, शेजारी कोणी दम्याचं नसेल, तर तुम्ही लावा. शेंगा पनवेलच्या बाजारात जानेवारीत मिळतात, दाणा भरलेला आणि साल हिरवं अशा बघून घ्या, पिवळट झालेल्या नकोत. मीठ खडंच. मडकं कोरं असेल तर आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा. पेंढा आणि भांबुर्डा मी पेणहून आणीन, आणि आईंना घेऊन येईन. फक्त त्यांना खुर्चीवर बसवू नका.