दार वाजत नव्हतं

विद्यापीठाच्या सुरक्षा विभागात मला ११ वर्षं झाली. मारामाऱ्या सोडवल्या, सायकलचोर पकडले, आगीचे खोटे अलार्म तर मोजायचेच सोडून दिले. पण डोक्यात घर करून बसलंय ते मुलींच्या हॉस्टेलचं मागच्या जिन्याकडचं एक दार.

त्या आठवड्यात तिथून चार लॅपटॉप गेले. एकाही खोलीचं कुलूप तुटलेलं नव्हतं. कुणी आंघोळीला गेलेली, कुणी शेजारी नोट्स मागायला. दार नुसतं लोटलेलं, तेवढ्यात कुणीतरी डाव साधलेला. मुख्य दाराचं फुटेज मी दोन रात्री डोळे चोळत पाहिलं, हाती काही लागलं नाही. मग असं अडलं की आमच्याकडे जे करतात तेच केलं. आणखी सहा कॅमेऱ्यांची मागणी लिहायला घेतली.

रात्रपाळीच्या मावशी टेबलाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, मागचं दार आठ दिवस झाले वाजत नाही."

ते दार आपोआप मिटतं. वरचा डोअर क्लोजर सुस्कारा सोडतो आणि कुलपाची जीभ 'खट्' करून खाचेत बसते. मावशींचं स्टूल पुढच्या दाराशी, पण रात्री सामसूम झाली की तो खट् त्यांना तिथवर ऐकू यायचा. आम्ही मागे गेलो, टॉर्च मारला. खाचेत कागदाचा घट्ट बोळा, त्यावर चिकटपट्टी. जिभेला आत शिरायला जागाच नाही. दार बंद दिसायचं आणि बोटाने ढकललं की उघडायचं.

बोळा तसाच राहू दिला आणि जिन्याखाली बसलो. ११ ते साडेबारापर्यंत १९ जणी आल्या, बहुतेक लायब्ररीतून. विसावी आली पाठीला सॅक लावून, कानाला फोन धरून. पुढच्या मुलीने तिच्यासाठी दार धरलं, हिने हसून थँक्यूही म्हटलं. (आपल्या मनातला चोर अजून तोंडाला फडकं बांधून कुंपणावरूनच उडी मारतो.) मावशींनी सहज विचारलं, "कितवी खोली गं?"

"तिसरा मजला, ३१ नंबर."

त्या इमारतीत कुठल्याच मजल्यावर २२च्या पुढे खोली नाही.

पुढचं पोलिसांनी पाहिलं. दोन लॅपटॉप परत मिळाले, दोन नाहीत.

माझ्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ऑफिसात आली. बोळा तिने घातला होता. रडत नव्हती, उलट चिडलेली होती. मागच्या दाराचा कार्ड रीडर तिचं कार्ड घेत नव्हता. पुढच्या दाराने यायचं तर पार्किंगला वळसा, आणि तिथला दिवा गेलेला. एका रात्री कुणीतरी तिच्या मागे मागे चालत आलं होतं. "सर, मी तीन वेळा लिहून दिलंय."

नोंदवही उघडली. तिन्ही तक्रारी होत्या. प्रत्येकीसमोर 'पाहिले' असा शेरा आणि खाली माझीच सही.

दर वर्षी नव्या मुलांना मी जीन क्लेरीची हकीकत सांगतो. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात १९८६ साली १९ वर्षांच्या या मुलीचा तिच्याच खोलीत खून झाला. आपोआप बंद होणाऱ्या दारांत कुणीतरी पिझ्झाची खोकी अडकवून ठेवली होती, खुनी तिथून आत आला. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि १९९० साली कायदा झाला. तेव्हापासून तिथल्या विद्यापीठांना आवारातल्या गुन्ह्यांचे आकडे दर वर्षी जाहीर करावे लागतात. मी मात्र खोक्यांपाशी येऊन बोट उगारायचो, "बघा, निष्काळजीपणा!" ती दारं मुलांना उघडी का ठेवावीशी वाटली, हे मी ना स्वतःला विचारलं, ना कुणाला.

दार अडवल्याबद्दल दंडाचा नियम आहे, आणि तोही मीच सुचवलेला. त्या मुलीला पावती फाडली नाही. नियम मोडला म्हणून एक सहकारी अजून माझ्यावर नाराज आहे, असू दे.

पार्किंगचा दिवा बदलायला इलेक्ट्रिशियनला २० मिनिटं लागली. कार्ड रीडरला मात्र ११ दिवस. तोवर मावशींनी स्टूल उचलून मागच्या दाराशी नेलं आणि पुढे गस्तीवरचा एक गार्ड बसवला. कॅमेऱ्यांची फाइल अजून फिरतेच आहे.