महालक्ष्म्यांच्या दिवशीचं गूळपाणी

नैवेद्याच्या स्वयंपाकाची चव बघायची नसते. म्हणून 14 वर्षांपासून महालक्ष्म्यांच्या ऑर्डरी घेताना माझ्या पिशवीत लाटण्याच्या आधी वजनकाटा जातो. लोकांना गंमत वाटते. पण जिभेला विचारायची सोय नसली की मोजण्यावाचून इलाज नसतो.

नागपूरच्या खामल्यातल्या एका घरी जेवणाच्या दिवशीचा सगळा स्वयंपाक माझ्याकडे होता. 40 पानं, 16 भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे आणि 60 पुरणपोळ्या. मी, माझी धाकटी जाऊ आणि मदतीला एक मुलगी. पहाटे साडेचारला पोचलो, तर सूनबाई दारातच उभी.

"काकू, साखर अजिबात नको हं. आमच्याकडे साखर आणणंच बंद केलंय. बाबांना शुगर आहे ना. पुरण पूर्ण गुळाचं करा."

"करते ना. पण गूळ जरा कमी घालते."

"कमी कशाला? गुळानं काही होत नाही. उलट लोह मिळतं."

हे वाक्य मी दरवर्षी निदान पाच घरांत ऐकते. गुळात थोडं पाणी असतं, थोडी खनिजं असतात. बाकी ती साखरच. लोहासाठी गूळ खायचा म्हटलं तर किती खावा लागेल याचा हिशोब कोणी करत नाही. पण ऑर्डर त्यांची, घर त्यांचं, आणि पहाटे साडेचारला दारात उभं राहून कोण वाद घालतं!

आमच्याकडे डाळीइतकाच गूळ किंवा साखर घालायची रीत. 2 किलो डाळीला 2 किलो, म्हणजे 60 पोळ्यांत प्रत्येकी 33 ग्रॅम. मी दीड किलो घातला. पोळीमागे 25 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाकाठी साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर आणखी चांगलं, आणि त्यात मधही धरला. एक पोळी म्हणजे जवळजवळ अख्ख्या दिवसाचा कोटा. सणाला खावी की, मी नाही म्हणत नाही. पण तिला एक पोळीच म्हणावं.

गूळ कमी केला की पुरण फसवतं. उलथनं लवकर उभं राहतं, आपण गॅस बंद करतो आणि गार झाल्यावर ते भुसभुशीत होऊन लाटताना पोळी फाटते. म्हणून डाळ अगदी मऊ शिजवायची, तिचंच थोडं पाणी राखून ठेवायचं आणि पुरण जरा सैल असतानाच उतरवायचं. वर जायफळ सढळ हातानं, मीठ चिमूटभर. जायफळाचा वास आला की जीभ गोडाचा हिशोब विचारत नाही, हा माझा अनुभव.

बारापर्यंत सगळं तयार होतं. पण पाऊस आला, गुरुजी अडकले, सवाष्णींपैकी दोघी यायच्या होत्या. दीड वाजला. मी पाण्यासाठी बाहेर आले तर बाबा देवीसमोर पाटावर बसून वाती वळत होते. कापूस बोटांत धरायचे, वळायला जायचे, आणि वात वळलीच जात नव्हती. नुसता पिंजलेला कापूस धोतरावर पडत होता. कपाळावर घामाचे थेंब, वर पंखा गरगरा फिरतोय.

"बाबा, बरं वाटत नाही का?"

"मले काय धाड भरली," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "शांता, तू कवा आली?"

मी शांता नव्हे. माझ्या आईला 20 वर्षं शुगर होती, ही चिन्हं मला पाठ आहेत. मुलाला हाक मारली, त्यानं मशीन लावलं. 54. म्हणजे शुगर फारच उतरलेली. सकाळी गोळी घेतली होती, त्यावर नुसता कोरा चहा. नैवेद्याआधी जेवायचं नाही म्हणून उपाशी.

सूनबाई धावली, लिंबूसरबत आणलं. बाबांनी प्यायलं. दहा मिनिटं गेली, घाम तसाच, आता हातही थरथरायला लागले.

"यात काय घातलं?"

"नेहमीचंच. स्टीवियाचे थेंब."

चव गोड, पण साखर नाहीच. म्हणजे शुगर वाढवायला नुसतं पाणीच. तेवढ्यात एक पाहुणे म्हणाले, पोळीच द्या ना तूप घालून. पण डाळ आणि तूप साखरेला रक्तात पोचायला उशीर लावतात, तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. मी ओट्याकडे पळाले. उरलेला किसलेला गूळ परातीत होता आणि हात सवयीनं काट्याकडे गेला. जाऊ ओरडली, "अवो बाई, आता काय मोजता!" 18 ग्रॅम. कोमट पाण्यात ढवळून नेला. बाबा शुद्धीवर होते, घोट गिळत होते, म्हणूनच पाजला. नाहीतर तोंडात काहीच घालायचं नसतं, सरळ दवाखाना गाठायचा.

आणि बाबा तोंडच उघडेनात. "नैवेद्य व्हायचा हाय अजून."

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "प्या म्हणते ना! ज्येष्ठा-कनिष्ठा माझ्या लेकी हायेत, त्या काही बापाले उपाशी नाही मारत."

पंधरा मिनिटांनी 66. पुन्हा तेवढाच गूळ. आणखी पंधरा मिनिटांनी 92. बाबांनी धोतरावरचा कापूस झटकला आणि विचारलं, "आरती झाली का?"

सूनबाई मशीनकडे बघतच राहिली. "गुळानं वाढली?"

"गुळानंच."

डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी गोळीचं नाव विचारलं: ग्लिमेपिराईड. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात काही असो वा नसो. ती घेऊन जेवण टाळायचंच नाही, असं ते म्हणाले. बाबांना लगेच वेगळं पान वाढलं. वरण-भात, भाज्या, कढी आणि अर्धी पोळी. बाबांनी अर्ध्या पोळीवरून भांडून बघितलं, पण आजी समोरच बसल्या होत्या.

पंगती उठल्यावर मागच्या अंगणात आम्ही भांडी घासत होतो. सूनबाई येऊन पायरीवर बसली.

"काकू, एका पोळीत गूळ किती होता?"

"25 ग्रॅम."

ती बराच वेळ नळाच्या पाण्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मी त्यांना रोज जेवण झालं की दोन खडे द्यायची. गूळ आहे म्हणून. सहा महिने शुगर का उतरत नाही म्हणून डॉक्टरांशी भांडले मी."

मी काय बोलणार? तिच्या हातात काटा दिला आणि उरलेला गूळ. तिनं दोन खडे उचलून ठेवले. 22 ग्रॅम.

महिन्याभरानं कोजागिरीच्या दुधाची ऑर्डर त्याच घरून आली. 6 लिटर दूध. खाली लिहिलं होतं: साखर किती घालाल ते आधी कळवा. आणि घरात आता साखरेचा एक छोटा डबा आहे, आईंनी तो बाबांच्या गोळ्यांच्या शेजारी ठेवलाय.