वर्षात दुसऱ्यांदा जळालेल्या पट्ट्या

टीव्हीचा पडदा काळा आणि आवाज मात्र ठणठणीत, ही तक्रार आमच्या धंद्यात इतकी रोजची आहे की फोनवर ऐकतानाच निम्मे निदान झालेले असते. सोलापूरच्या साखर पेठेतल्या ज्या घरातून हा फोन आला, तिथे मात्र हेच दुखणे वर्षाच्या आत दुसऱ्यांदा उद्भवले होते. पहिल्या वेळी दुरुस्ती केलेल्या मेकॅनिकच्या नावाने घरात शिमगा चालू होता. कंपनीच्या सेवा केंद्रातून आलेल्या माणसाने मागचे झाकण न उघडताच ‘पॅनल गेले’, म्हणजे पडद्याची काचच गेली, असे सांगून जो आकडा ऐकवला होता, त्यात थोडी भर घातली असती तर नवा टीव्ही आला असता.

घर यंत्रमागवाल्यांचे. पुढे राहते घर, मागे पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेलचे माग, आणि मध्ये एकच भिंत. त्यामुळे मागांच्या खडखडाटावर मात करण्यासाठी टीव्हीचा आवाज कायम चढा. घरमालकांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या आई, म्हणजे अव्वा, पडदा काळा झाल्यापासून रोज दुपारी त्याच टीव्हीसमोर बसून आपली तेलुगू मालिका नुसती ऐकत होत्या, आणि त्यांची फारशी तक्रारही नव्हती.

पॅनल गेले की नुसता उजेड गेला, हे ठरवायला एक टॉर्च पुरते. एलसीडीचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. मागच्या पट्ट्यांवरील एलईडींचा, म्हणजे बारीक दिव्यांचा, प्रकाश जागोजागी अडवणे किंवा सोडणे एवढेच त्याचे काम. पट्ट्या विझल्या तरी पडद्यावर चित्र उमटत असतेच, फक्त ते अंधारात असते. मी खिडकी लावून घेतली, मोबाइलची टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरकी धरली, आणि त्या वीतभर उजेडात एका बाईची टिकली व हलणारे ओठ स्पष्ट दिसले. अव्वा पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, “ही सासू. टॉर्च जरा इकडं धर की, सून कुठं उभारलीय बघू दे.” सेवा केंद्राच्या माणसाने खिशातला मोबाइल काढण्याची तसदी घेतली असती, तर हे त्यालाही दिसले असते. पण पॅनल बदलले की हिशेब मोठा होतो आणि डोके चालवावे लागत नाही, त्यामुळे असली तसदी हल्ली कोणी घेत नाही.

टीव्हीशेजारी एक नवाकोरा स्टॅबिलायझर होता. “मागाच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतंय, म्हणून दुकानदारानं घ्यायला लावला,” असे अण्णांनी सांगितले. मी टीव्हीच्या पाठीवरचे लेबल त्यांना वाचून दाखवले. त्यावर 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले होते, म्हणजे व्होल्टेज बरेच पडले तरी आतला सप्लाय ते सांभाळून घेतो. स्टॅबिलायझर विकणाऱ्यानेही ते लेबल पाहिलेले असणारच.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, की बंद पडण्याआधी चित्र निळसर दिसत होते का. अण्णांच्या मुलाने लगेच होकार दिला. माणसांचे चेहरे जांभळट दिसायला लागले होते, दोन्ही वेळा. पांढरी एलईडी मुळात निळीच असते. तिच्यावर फॉस्फर या पिवळ्या चमकत्या रसायनाचा थर असतो आणि दोन्हींचे मिश्रण आपल्याला पांढरे दिसते. अति करंट आणि अति उष्णतेने हा थर खराब होतो आणि आतला निळा रंग बाहेर डोकावू लागतो. म्हणजे या पट्ट्या अचानक गेल्या नव्हत्या, त्या बरेच दिवस भाजत होत्या.

त्या घरात पॅनल उघडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मागांवरून उडणारी सुताची लव हवेत सतत तरंगत असते आणि पडद्याच्या आत गेलेला एक तंतूही नंतर आयुष्यभर दिसत राहतो. टीव्ही चादरीत गुंडाळून, उभाच धरून, रिक्षातून दुकानात आणला. मोठा पडदा आडवा ठेवून नेणारे लोक मी पाहिले आहेत. खड्ड्यागणिक काच वाकते आणि मग खापर मेकॅनिकवर फुटते.

पॅनल काढणे हे या कामातले खरे कसब आहे. त्रेचाळीस इंची काच जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची, आणि तिच्या एका कडेला कागदासारख्या पातळ फिती चिकटवलेल्या असतात. त्यांतली एक जरी दुमडली तरी पडद्यावर उभी रेघ कायमची, आणि साध्या सोल्डरिंगने ती फीत पुन्हा जोडता येत नाही. दोघांनी मिळून, चारही बाजूंना सक्शन कप लावून, काच सपाट ठेवूनच उचलावी लागते; एक कोपरा आधी वर आला की संपले. खालचे डिफ्युझर, म्हणजे उजेड सारखा पसरवणारे कागद, ज्या क्रमाने आणि ज्या अंगाने निघाले त्याच क्रमाने परत बसवायचे असतात, म्हणून मी प्रत्येकाच्या कोपऱ्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून आकडा घालतो.

आत पाहिल्यावर आधीच्या मेकॅनिकविषयी माझे मत बदलले. काम नीटस होते. त्याने सुटी एलईडी बदलून भागवले नव्हते, तिन्ही पट्ट्या नव्या घातल्या होत्या आणि प्रत्येक एलईडीवरचे भिंग जागेवर होते. टेस्टरच्या पिना लावल्या, तेव्हा मधल्या पट्टीवरची एक एलईडी मेलेली निघाली आणि चार जांभळ्या पेटल्या. चोवीस एलईडी एकाच माळेत असल्याने एक तुटली की सगळी माळ विझते. मागच्या जाळ्या लवेने बुजलेल्या होत्या आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 अंशांच्या वर जातोच; पण तेवढ्याने नव्या पट्ट्या वर्षाच्या आत जात नाहीत.

नव्या पट्ट्या घालून, मीटर माळेत जोडून मी टीव्ही चालू केला. करंट 540 मिलिअँपिअर होता, जो या एलईडींना फार होता. मेनूत जाऊन बॅकलाइट, म्हणजे पट्ट्यांचा उजेड, निम्म्यावर आणला, करंट उतरला आणि मी चहा घ्यायला वळलो. थोड्या वेळाने पाहतो तर आकडा परत 540! कोणी रिमोटला हात लावला नव्हता. पुन्हा उतरवला, पुन्हा चढला. मग सेटिंग्ज खणत गेलो आणि एका आडबाजूच्या पानावर ‘वापराची जागा: दुकान’ असे सापडले. शोरूममध्ये दहा टीव्हींच्या रांगेत आपला उठून दिसावा, म्हणून कंपन्या हा मोड देतात. त्यात उजेड पूर्ण राहतो आणि कोणी कमी केला तरी काही वेळाने आपोआप मूळ जागी येतो. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने पहिल्या दिवशी घाईत चुकीचे बटण दाबले, आणि तेव्हापासून हा टीव्ही त्या घरात दिवसभर शोरूमसारखा पेटत राहिला. हे पान उघडण्याची वेळ मेकॅनिकवर सहसा येत नाही, कारण दुरुस्ती झाली की चित्र जितके झगझगीत तितके गिऱ्हाईक खूश.

मी ‘घर’ निवडले. पण तिथेही भडक चित्राचा पर्याय असतोच आणि अण्णांचा मुलगा तो निवडणार याची मला खात्री होती. पट्ट्यांना करंट पुरवणाऱ्या सर्किटजवळ (त्याला ड्रायव्हर म्हणतात) करंट किती जावा हे ठरवणारे चार सारखे रेझिस्टर समांतर जोडलेले होते. त्यांतला एक काढला की करंट पाव हिश्श्याने कमी होतो, मग रिमोटवर कितीही चढवा. मीटरवर 405 आले. नुसत्या डोळ्यांना हा फरक चटकन जाणवत नाही, पण पट्ट्यांच्या तब्येतीला तो मोठा असतो. हे मी अण्णांना विचारूनच केले. ते म्हणाले, “करून टाका, पण पोराला सांगू नका.” मी मुलाला काही बोललो नाही, मात्र पुढच्या मेकॅनिकला तो बिघाड वाटू नये म्हणून झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली आणि बिलावरही ‘करंट कमी केला आहे’ असे लिहिले. बिल घरात कोण वाचते, हे त्यांचे ते जाणोत.

मुलाने ते वाचलेले दिसते. परवा त्याचा फोन आला. दुपारी मॅच पाहताना चित्र फिके वाटते, टीव्ही आमचा आहे, पहिल्यासारखा करून द्या. त्याचे म्हणणे मला खोडता येईना. दुसऱ्याच्या वस्तूची ताकद कायमची कमी करताना मी संमती बापाची घेतली, आणि पाहणारा जास्त करून मुलगा. मी त्याला एवढेच सांगितले, की रेझिस्टर माझ्याकडे जपून ठेवला आहे, तू म्हणशील तेव्हा फुकट लावून देतो, पण त्यानंतर पट्ट्यांची हमी माझी नाही. आणि तोवर खिडकीला पडदा लावून मॅच पाहा. अण्णांना विचारून सांगतो, असे तो म्हणाला आहे.