बारीकाता!
कामासाठी जपानमधल्या फुकुओकात आलोय. आज एकटाच जेवायला बाहेर पडलो. हाकाता भागातल्या एका गल्लीत रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं दुकान, जेमतेम आठ-नऊ खुर्च्यांचं. दारातच ऑर्डरच्या तिकिटाचं मशीन, सगळी बटणं जपानीत. मागे रांग, मी घामाघूम. शेवटी डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबलं. ९०० येन.

तिकीट घेऊन काउंटरवाल्या काकांनी काहीतरी विचारलं. शेजारचे आजोबा माझ्या वतीने म्हणाले, "बारीकाता!" म्हणजे नूडल्स चांगल्या कडक हव्यात. इथल्या नूडल्स शेवयांसारख्या बारीक, रश्श्यात पटकन मऊ पडतात, म्हणून ही विचारणा.

रस्सा डुकराच्या हाडांचा, तासन्‌तास उकळून दुधासारखा पांढरट झालेला. वर लाल आल्याचं लोणचं. वास उग्र. पहिल्या घोटाला बिचकलो, दुसऱ्याला नाही. सगळे फुर्रर्र करून ओढत होते. लहानपणी आमटीचा भुरका मारला की आमची आजी डोळे वटारायची. इथे मनसोक्त मारले.

नूडल्स संपल्या, रस्सा उरला. आजोबांनी पुन्हा शिकवलं, "काएदामा." १५० येनमध्ये नुसत्या नूडल्सचा आणखी एक गोळा, थेट वाडग्यात.

पांढऱ्या शर्टावर तीन डाग पडलेत. उद्या मीटिंगला हाच घालायचा होता.