चीनची तयारी आणि ‘चोरा’तला च

पेइचिंगला, म्हणजे आपल्या बीजिंगला, उतरलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि खिशात चारशे युआन रोख होते. बारा दिवसांनी परत निघताना त्यातले साडेतीनशे तसेच होते. तिथे रताळी भाजून विकणारी आजीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते. आपल्याकडेही तेच चालतं, पण आपलं यूपीआय तिथे चालेल या भरवशावर निघू नका. अलिपे हे पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप घरी बसूनच सुरू करा. पासपोर्टचा फोटो चढवायचा, चेहरा दाखवायचा, मग व्हिसाचं किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडायचं. दोनशे युआनपर्यंतच्या व्यवहारावर जादा आकार नाही, त्यावरच्या रकमेला तीन टक्के लागतात.

आता आमची फजिती. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. मी केले होते. बायकोचे करायचे राहिले. वर तिच्या बँकेने पहिल्याच व्यवहाराला संशयास्पद ठरवून कार्ड गोठवलं, आणि ओटीपी येत होता तो घरी ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या सिमवर. म्हणून दोन वेगळ्या बँकांची कार्डं जोडा आणि भारतातलं सिम रोमिंगसकट सोबत ठेवा. रोमिंगचा दुसरा फायदा म्हणजे त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल चालतात. हॉटेलच्या वायफायवर ते बंदच. आईला ‘पोचलो’ एवढं कळवायला रोमिंग पुरतं.

नकाशासाठी गूगलवर विसंबू नका. मुख्य भूमीवर त्यातली ठिकाणं सरकलेली दिसतात. आम्ही तिथलाच गाओदे नकाशा वापरला. टॅक्सी अलिपेच्या आतूनच दीदी या तिथल्या टॅक्सीसेवेवर मागवता येते. चालक तुमच्या फोनचे शेवटचे चार आकडे विचारतो, तेवढे चिनीत म्हणता आले की काम झालं. आणि आकडे पाठ करताना बोटांच्या खुणाही शिकून घ्या, कारण बाजारात सगळे एका हाताने दहापर्यंत मोजतात. अंगठा आणि करंगळी बाहेर, म्हणजे आपली ‘फोन कर’ची खूण, तो सहा. अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी, तो आठ. भाजीवाल्याने मला ‘फोन कर’ केलं तेव्हा मी खरंच खिशात हात घातला होता.

भाषेवर आम्ही दोन महिने घालवले, रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास. शब्द जेमतेम साठ शिकलो. पण यात मराठी माणसाचा एक फायदा आहे, आणि तो मला कोणत्याही प्रवासपुस्तकात दिसला नाही. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीला पिनयिन म्हणतात. त्यात जिथे बी असतो तिथे उच्चार आपल्या पच्या जवळचा, आणि पी असतो तिथे फच्या जवळचा, तोही ओठ मिटून काढलेल्या ‘फळा’तल्या फचा. डी म्हणजे जवळजवळ त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. इंग्रजीवर वाढलेल्यांची इथे दमछाक होते, आपल्याला हा फरक बाराखडीपासून येतो.

त्याहून मोठी गंमत चची. आपल्याकडे ‘चोर’, ‘चाक’, ‘चमचा’ यांतला च वेगळा आणि ‘चिवड्या’तला वेगळा, लिहितो मात्र दोन्ही एकाच अक्षराने. चिनीत हे दोन्ही आहेत. पिनयिनमधला झेड हा चोरातला च, जे हा चिवड्यातला. ‘पुन्हा भेटू’ला ते ‘चाय चिएन’ म्हणतात, त्यात पहिला च चोरातला, दुसरा चिवड्यातला. हिंदीभाषक मित्र या पहिल्या चला अडतात.

सुरांपुढे मात्र आपली पुण्याई संपते. चार सूर आहेत. पहिला षड्ज लावल्यासारखा सपाट. दुसरा ‘काय?’ विचारताना चढतो तसा. तिसरा, मनाविरुद्ध ‘बऽऽरं’ म्हणताना आवाज खाली जाऊन वर येतो तसा. चौथा म्हणजे पोराला दटावलेलं ‘गप!’ ‘माय’ तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणे, चौथ्यात म्हटलं तर विकणे. शीआन शहरातल्या एका चहाच्या दुकानात मी मोठ्या ऐटीत ‘वो माय छा’ म्हणालो. दुकानदारीणबाई माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे पाहून म्हणाल्या ते बायकोला कळलं: कुठला चहा आणलायस विकायला?

खाण्याचं आधी ठरवून जा. मी अंडं खातो, बायको तेही नाही. ‘वो छ सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य लागतंच, पण पुरत नाही. भाजी शाकाहारी असली तरी ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, किंवा चवीला वरून खिमा पडतो. फोनमध्ये चिनी अक्षरांत चिठ्ठी करून घ्या: मांस नको, मासे नकोत, सुकी कोळंबी नको, प्राण्यांची चरबी नको, ऑयस्टर सॉस नको. ती चिठ्ठी ऑर्डर देण्याआधी दाखवायची, ताट आल्यावर नव्हे. आमचा आधार ठरला ‘थूतौ-स’. बटाट्याच्या काचऱ्यांहून बारीक, काडीसारख्या चिरलेल्या, सुक्या मिरच्या आणि व्हिनेगर घालून मोठ्या आचेवर मिनिटभर परतलेल्या. दाताखाली कच्च्या लागतात. पहिल्या दिवशी बायको म्हणाली, झाकण ठेवायला विसरले वाटतं. चौथ्या दिवशी तीच दुसरी प्लेट मागत होती. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची यांची ‘ती सान शिएन’ही सगळीकडे मिळते. बौद्ध मठांशेजारच्या शाकाहारी खानावळी सापडल्या तर सोडू नका. तिथे कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते.

घरून उपमा-पोह्यांची झटपट पाकिटं न्या. गाडीत प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं नेता येत नाहीत, तेव्हा पेढे घरीच ठेवा. फळं कापायची सुरीही नको. आमची स्टेशनवरच्या तपासणीत गेली. देशांतर्गत विमानात पॉवर बँकेवर ३सी ही चिनी खूण नसेल तर ती काढून घेतात, हा नियम २८ जून २०२५ पासून आहे. टिश्यूपेपर कायम खिशात, बाकी तुम्ही समजून घ्या.

रेल्वेची तिकिटं पंधरा दिवस आधी खुली होतात आणि पासपोर्टवर निघतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. वडिलांचं नाव कुठे घालायचं यावर आमचा एक अख्खा रविवार गेला. पेइचिंगच्या राजवाड्याचं, म्हणजे फॉरबिडन सिटीचं, तिकीट सात दिवस आधी रात्री आठला खुलं होतं. सोमवारी राजवाडा बंद. १ ते ७ ऑक्टोबर राष्ट्रीय सुट्टी असते, सारा देश फिरायला निघतो. तो आठवडा टाळा. आम्ही एप्रिलमध्ये गेलो.

शीआनमध्ये मातीच्या सैनिकांची गर्दी सगळ्यांना माहीत आहे. मला जास्त आवडला तो साधारण पावणेचौदा किलोमीटरचा तट, ज्यावर भाड्याची सायकल चालवता येते, आणि ६५२ साली बांधलेला मोठा हंस पॅगोडा. तिथे युआन श्वांगने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवल्या होत्या. शाळेत आपण वाचलेला हाच प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता. तिथे ‘युआन श्वांग’ कोणाला कळत नाही. ‘श्वेन चांग’ म्हणा, च चोरातला.

परतीच्या वाटेवर आम्ही श-च्या-च्वांग या शहरात उतरलो. शीआनहून साधारण चार तास, पुढे पेइचिंग तास-सव्वा तासावर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. त्यांची समाधी इथल्या हुतात्मा स्मारकात आहे. दारातल्या रखवालदाराला मी ‘कोटणीस’ म्हणालो, त्याने नकारार्थी मान हलवली. मग त्यांचं चिनी नाव घेतलं, ‘ख तीह्वा’. पुन्हा नाही. बायकोने मला बाजूला केलं, ‘ख’ सपाट लावला, ‘ती’ गपसारखी आपटली आणि ‘ह्वा’ प्रश्न विचारल्यासारखा चढवला. रखवालदार खुर्चीतून उठला आणि आमच्या पुढे चालू लागला.