वाइतांगीचा करार शिकवताना: तारखा नंतर, शब्द आधी

न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, हक्कांवर अभ्यासवर्ग घ्यायचा, तर फळ्यावर तारखा लिहून सुरुवात करू नका. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यातला ६ फेब्रुवारी १८४० चा हा करार अवघ्या तीन कलमांचा आहे. इंग्रजी आणि माओरी, दोन्ही मसुद्यांचं मराठी शेजारी-शेजारी छापा आणि चार-चार जणांत एक प्रत द्या.

पहिल्या कलमात इंग्रजी मसुदा सार्वभौमत्व राणीला देतो. माओरीत मात्र ‘कावनातांगा’ आहे, म्हणजे गव्हर्नरचा कारभार. दुसऱ्या कलमात माओरी मसुदा जमिनी, वस्त्या आणि सगळ्या ‘ताओंगा’ (जपून ठेवाव्यात अशा मोलाच्या गोष्टी) यांवर ‘तिनो रांगातिरातांगा’, सरदारांचा पूर्ण अधिकार, राखतो. इंग्रजीत उरतो नुसता ताबा. (यातला ‘ंग’ म्हणजे ‘वाङ्मय’मधला ङ.) सुमारे ५४० सरदारांनी मान्यता दिली, इंग्रजी प्रतीवर त्यांतले फक्त ३९.

हमखास चूक होते ती इथे: भाषांतर करणारा दोन्हीकडे ‘सत्ता’ लिहून मोकळा होतो आणि सगळा वादच पुसला जातो. सार्वभौमत्व, कारभार, अधिकार, ताबा हे चार शब्द वेगळेच ठेवा. ‘ताओंगा’ तसाच राहू द्या. त्यात भाषाही येते, म्हणून ‘मालमत्ता’ चालत नाही.

मग जमीन. कोल्हापुरात हा भाग सातबाऱ्यावरून लगेच कळतो. १८६५ च्या कायद्याने जमीन-न्यायालय आलं आणि जमातीच्या सामाईक जमिनीच्या दाखल्यावर जास्तीत जास्त दहा नावं लागू लागली. ते दहा जण विश्वस्त नव्हे, कायद्याने मालक ठरले. एखादा कर्जात बुडाला की त्याचा हिस्सा विक्रीला, आणि ज्यांची नावंच लागली नाहीत त्यांना दाद कुठे मागायची? त्याआधी १८६३ च्या कायद्याखाली, युद्धानंतर, वायकाटो या भागात सुमारे १२ लाख एकर जप्त झाले होते. बंदुकीपेक्षा दाखल्याने जमीन कशी जाते, यावर निदान अर्धा तास द्या.

१९७५ चा जमीन-मोर्चा आणि त्याच वर्षीचा, करारभंगाच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाचा कायदा थोडक्यात आटपता येतो. पण १९८५ सोडू नका: त्या वर्षी न्यायाधिकरणाला थेट १८४० पर्यंतच्या तक्रारी तपासण्याचा अधिकार मिळाला.

चर्चेत कुणीतरी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, मागासवर्गीयांसाठी नोकऱ्या राखून ठेवणारा जाहीरनामा काढणारच. काढू द्या, पण फरक तिथेच सांगा. तो राज्यकर्त्याने आपल्या राज्यात दिलेला आदेश होता. वाइतांगी हा दोन पक्षांतला करार आहे. माओरी मागतात ते सवलत म्हणून नव्हे, दिलेल्या शब्दाचं पालन म्हणून.